स्टिअरिंगच्या पार्ट्सची डिझाइन्स आणि बनवायचा खर्च: तुलना नेमकी करायची कशी

सुरुवातीला एक कबुली देऊन टाकतो. स्टिअरिंग नकलसाठी (चाकाचा हब धरणारा, चाकासोबत वळणारा पार्ट) आलेली दोन कोटेशन्स मी पहिल्यांदा शेजारी ठेवून बघितली तेव्हा दोन्हीकडचा किलोचा रेट बघितला, ज्याचा कमी त्याला टिक मारली आणि शीट पुढे पाठवून दिली. नंतर कळलं की एकाने कास्टिंगच्या कच्च्या वजनावर रेट दिलाय आणि दुसऱ्याने मशीनिंग झाल्यावरच्या वजनावर, आणि वर पहिल्याच्या कोटेशनमध्ये टाय रॉडच्या (स्टिअरिंगचा जोर नकलपर्यंत नेणारा दांडा) टेपर, म्हणजे निमुळत्या होलचं मशीनिंगच धरलेलं नव्हतं. म्हणजे मी "स्वस्त" म्हणून निवडलेला पार्ट खरं तर अर्धवट पार्ट होता. तेव्हापासून किलोचा रेट ही गोष्ट मी सगळ्यात शेवटी बघतो, बघितलीच तर. तुलना करायची ती एकच काम करणाऱ्या, पूर्ण मशीन झालेल्या, तपासलेल्या आणि गाडीत बसवलेल्या पार्टची. ते कसं करायचं ते खाली पायरीपायरीने लिहितोय. उदाहरणासाठी मुख्यतः नकल आणि टाय रॉड घेतलेत, कारण डिझाइन बदललं की खर्च कसा हलतो ते त्यात सगळ्यात स्वच्छ दिसतं.

हिशोबातले आकडे मी "पॉइंट"मध्ये दिलेत. ते फक्त गणित समजावं म्हणून मी धरलेले आहेत, बाजारभाव नाहीत, तुम्ही तुमच्या चलनात आणि तुमच्या रेटने भरा.

पायरी १: आधी काम ठरवा, पार्ट नंतर

दोन डिझाइन्सची तुलना करायची तर दोघांना परीक्षा एकच पाहिजे. स्टिअरिंगच्या पार्टला ही परीक्षा साधारण चार-पाच प्रसंगांची असते: गाडी उभी असताना कोरड्या रस्त्यावर स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवणं (रॅकवरचा, म्हणजे टाय रॉडना डावी-उजवीकडे ढकलणाऱ्या दातेरी बारवरचा जोर तेव्हा भरपूर असतो), खड्ड्यात चाक आपटणं, चाक फुटपाथच्या कडेला घासून आदळणं, जोरात ब्रेक, आणि रोजच्या वापरातला लाखो वेळा येणारा छोटा-छोटा लोड. शेवटचा सगळ्यात साधा वाटतो पण फटीग, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या लोडने धातू थकून तडा जाणं, त्यातूनच येतं.

यासोबत एक गोष्ट आधीच लिहून ठेवा, की पार्ट शेवटी कसा खराब झालेला चालेल. स्टिअरिंगमध्ये नियम असा की वाकलं तर चालेल, तुटलं तर चालणार नाही. टाय रॉड बऱ्याचदा मुद्दाम असा ठेवतात की फुटपाथला जोरात बसली तर तो आधी वाकावा, म्हणजे रॅकचे दात वाचतात आणि स्टिअरिंग तिरकं झालेलं ड्रायव्हरला लगेच कळतं. हे माहीत नसलेला माणूस "टाय रॉड अजून मजबूत केला तर बरं ना" म्हणून जाडी वाढवतो आणि वाढीव खर्च करून वर रॅक धोक्यात घालतो.

वाकण्याचं गणित इथेच करून टाका, कारण त्यात पैसे लपलेले असतात. दाबाखाली रॉड वाकायचा लोड मटेरियलच्या कडकपणावर, सेक्शनच्या जडत्वावर (छेदाच्या आकारामुळे वाकण्याला होणारा विरोध) आणि लांबीच्या वर्गावर अवलंबून असतो, मटेरियलच्या ताकदीवर नाही (लांब बारीक रॉडबद्दल बोलतोय). आता १६ मिमीचा भरीव रॉड आणि बाहेरून २० आतून १४ मिमीची ट्यूब बघा. भरीव रॉडचं क्षेत्रफळ २०१ चौरस मिमी, ट्यूबचं १६०. म्हणजे ट्यूब २० टक्के हलकी. आणि जडत्व? भरीवचं ३२१७, ट्यूबचं ५९६८ (मिमीच्या चौथ्या घातात), जवळपास १.८५ पट. इथे कोणी महागडं अलॉय स्टील सुचवत असेल तर सरळ विचारा की कशासाठी, कारण स्टील कुठलंही घेतलं तरी त्याचा कडकपणा २०५-२१० गिगापास्कलच्या आसपासच राहतो. अर्थात ट्यूबच्या टोकांना आटे पाडायचे म्हणजे टोकं दाबून जाड करायची किंवा वेगळा तुकडा वेल्ड करायचा, तो खर्च पुढच्या पायऱ्यांत येईलच.

पायरी २: पार्ट उघडा आणि टेबलावर मांडा

टाय रॉड एंड घ्या. बाहेरून एक गुठळी दिसते पण उघडलं की निघतं: फोर्ज केलेलं हाउसिंग, बॉल स्टड, प्लास्टिकची सीट, मागचं झाकण, कधी स्प्रिंग, रबरी बूट, बूटच्या दोन रिंगा, नट, आणि जुन्या डिझाइनमध्ये ग्रीस निपल (बाहेरून ग्रीस भरायचं तोंड). प्रत्येकासमोर लिहा की हा काय काम करतो. ज्याच्यासमोर लिहायला काही सुचत नाही त्याच्याभोवती लाल गोल.

मग प्रत्येक पार्टला तीन प्रश्न विचारायचे, हे बूथरॉइड आणि ड्यूहर्स्ट यांच्या असेंब्लीसाठीच्या डिझाइन पद्धतीतले आहेत आणि इतक्या वर्षांनीही यापेक्षा सोपं काही मला सापडलं नाही. हा पार्ट शेजारच्या पार्टच्या सापेक्ष हलतो का? त्याचं मटेरियल वेगळंच असायला पाहिजे का? तो वेगळा नसला तर जोडणी किंवा खोलणी अडेल का? तिन्हीला "नाही" आलं तर तो पार्ट शेजारच्यात विलीन करायचा उमेदवार. बॉल स्टड हलतो, राहिला. सीट प्लास्टिकचीच पाहिजे, राहिली. झाकण नसेल तर बॉल आत जाणार कसा, राहिलं, पण स्क्रूने बसवायच्या ऐवजी हाउसिंगची कडा दाबून बंद केलं तर स्क्रू गेले. ग्रीस निपल? सीट ॲसिटल प्लास्टिकची, ग्रीस कारखान्यातच भरलेलं आणि बूट चांगलं सील करणारं असेल तर निपल गेलं, त्याचं ड्रिलिंग आणि आटेही गेले. पण बघा, निपल काढलं की सगळा भार बूटवर येतो, बूट फाटलं की पाणी-माती आत जाऊन जॉइंट संपला. म्हणजे निपलचे वाचलेले थोडे पैसे बुटाच्या रबरात आणि रिंगांत टाकावेच लागतात. हे न करता दोन्हीकडे वाचवणारी डिझाइन्स मी बघितलीत आणि ती वॉरंटीत परत आलेलीही बघितलीत.

आता याच प्रश्नांचं मोठं उदाहरण म्हणजे नकलवरचा स्टिअरिंग आर्म. वेगळा फोर्ज करून दोन बोल्टने बसवायचा, की नकलच्या कास्टिंगमध्येच घ्यायचा? तीन प्रश्नांची उत्तरं नाही, नाही, नाही. हिशोब मांडू:

वेगळा आर्म: फोर्जिंग मशीनिंगसकट २२, नकलवर तोंड सपाट करणं आणि दोन होलना ड्रिल-टॅप ९, बोल्ट ३, बसवणं आणि टॉर्क तपासणं ४. एकूण ३८ पॉइंट.

एकत्र आर्म: जास्तीचं मेटल आणि ओतकाम ९, मशीनिंग ७, आकार अवघड झाल्यामुळे वाढलेलं रिजेक्शन ३. एकूण १९.

अर्धा खर्च वाचला, वर बोल्ट सैल व्हायची भीती गेली आणि आर्मच्या टोकाची जागा जास्त नेमकी राहते म्हणून टो (वरून बघितलं तर चाकं आत किंवा बाहेर किती वळलीत ते) सेट करताना कमी कटकट. मग वेगळा आर्म अजून का दिसतो? कारण एकाच नकलवर वेगवेगळे आर्म लावून तीन-चार मॉडेल्स काढायची असतात तेव्हा, जड गाड्यांत हे खूप चालतं, किंवा उजव्या-डाव्या स्टिअरिंगचे व्हेरियंट असतात आणि प्रत्येकाला वेगळं कास्टिंग टूलिंग परवडत नाही. म्हणून "पार्ट कमी तितकं स्वस्त" हे वाक्य मी अर्धंच खरं मानतो, व्हेरियंट किती आहेत ते विचारल्याशिवाय ते बोलू नये.

पायरी ३: ड्रॉइंगवरचा खर्च वाचायला शिका

सारख्या दिसणाऱ्या दोन पार्टमध्ये खर्चाचा फरक बऱ्याचदा आकारात नसतो, टॉलरन्समध्ये असतो. ड्रॉइंग घ्या, पिवळा मार्कर घ्या, आणि जिथे जिथे एखाद्या मापामुळे जास्तीचं ऑपरेशन लागतं तिथे रंगवा. ड्रिलने भागणारं होल की रीमर (होल नेमक्या मापाला आणणारं टूल) लागणार, टर्निंगचं फिनिश चालेल की ग्राइंडिंग, बॉल नुसता टर्न केलेला चालेल की रोलर बर्निशिंग (रोलर दाबून पृष्ठभाग गुळगुळीत करणं) लागेल. बॉल स्टडच्या बॉलवर मी कधी हात आखडता घेत नाही कारण बॉलचा गोलपणा आणि फिनिश बिघडला की जॉइंट जड फिरतो नाहीतर लवकर ढिला होतो. याउलट हाउसिंगच्या बाहेरच्या बाजूला, जिथे काहीच बसत नाही, तिथे मशीनिंगचं चिन्ह दिसलं तर डिझाइनरला फोन करा. दहापैकी बऱ्याच वेळा उत्तर येतं, "अरे ते जुन्या ड्रॉइंगवरून तसंच आलं."

टेपर होलबद्दल विशेष. बॉल स्टडचा टेपर बऱ्याच गाड्यांत १:१० असतो आणि तो नकलमधल्या टेपरमध्ये नीट पकडला पाहिजे, निळा रंग लावून किती भाग टेकतोय ते बघतात. म्हणजे टेपर रीमर, त्याची धार, गेज, आणि तपासणाऱ्या माणसाचा वेळ. काही डिझाइन्समध्ये टेपरऐवजी सरळ स्टड आणि नकलला चीर पाडून बोल्टने आवळायची पद्धत असते. त्यात रीमर वाचतो पण चीर पाडायचं ऑपरेशन आणि बोल्ट वाढतो, त्यामुळे फार मोठा फरक पडेल अशी आशा ठेवू नका.

पायरी ४: बनवायचा रस्ता लिहून काढा

प्रत्येक पर्यायासाठी कच्च्या मालापासून पॅकिंगपर्यंत ऑपरेशन्सची यादी करा, एकही सोडू नका. नकलचे तीन रस्ते असे पडतात.

एसजी आयर्न (गोळीदार ग्रॅफाइटचं, सहज न तुटणारं ओतीव लोखंड) कास्टिंग: वितळवणं, साचा आणि कोअर (आतली पोकळी राखणारा तुकडा), ओतणं, साचा फोडणं, रनर-रायझर (धातू आत येण्याच्या वाटांत गोठलेलं जास्तीचं मेटल) तोडणं, शॉट ब्लास्ट, फेटलिंग (कडा-खरखर साफ करणं), तपासणी, मशीनिंग, कोटिंग.

स्टील फोर्जिंग: बिलेट कापणं, साधारण ११५० ते १२५० अंशांपर्यंत तापवणं, दोन-तीन घावांत आकार, फ्लॅश (डायच्या फटीतून बाहेर आलेली जास्तीची कडा) ट्रिम, हीट ट्रीटमेंट, शॉट ब्लास्ट, चुंबकीय क्रॅक तपासणी, मशीनिंग, कोटिंग. इथे एक टीप, ३८एमएनव्हीएस६ सारखं मायक्रोअलॉय स्टील घेतलं तर फोर्जिंगनंतर नियंत्रित पद्धतीने हवेत थंड करूनच ताकद येते, क्वेंच आणि टेंपरिंगचा (तापवून झटकन थंड करणं आणि मग पुन्हा थोडं तापवणं) पूर्ण टप्पा वाचतो. स्टीलचा किलोचा रेट थोडा जास्त असतो म्हणून खरेदीवाले नाक मुरडतात, पण हीट ट्रीटमेंट, त्यात पार्ट वाकणं आणि मग सरळ करणं हे सगळं धरलं की बऱ्याचदा तेच स्वस्त पडतं.

ॲल्युमिनिअम कास्टिंग: ए३५६ मिश्रधातू, गॅस काढणं, लो प्रेशरने डायमध्ये भरणं, टी६ हीट ट्रीटमेंट (तापवून, झटकन थंड करून मग कमी तापमानाला ठेवून ताकद वाढवणं), एक्स-रे, मशीनिंग. मशीनिंग फार पटपट होतं. पण कडकपणा फक्त ७० गिगापास्कलच्या आसपास, एसजी आयर्नचा १६५-१७० आणि स्टीलचा त्याहून वर. म्हणून घनता २.७ विरुद्ध ७.१ असली तरी वजन एक तृतीयांशावर येत नाही, सेक्शन जाड करावा लागतो, मग चाकाच्या रिमच्या आत ब्रेक कॅलिपरला जागा पुरते का ते बघावं लागतं. ॲल्युमिनिअमला फटीगची स्पष्ट खालची मर्यादा पण नसते, त्यामुळे टेस्टिंग जास्त. आणि स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनिअममध्ये बसला की गंजायचा प्रश्न आलाच.

पायरी ५: आता हिशोब, आणि इथे घाई करू नका

मटेरियलचा खर्च म्हणजे आत गेलेलं वजन गुणिले रेट, वजा परत विकलेलं भंगार. आत गेलेलं, बाहेर आलेलं नाही. फोर्जिंगमध्ये कटवेट धरा, म्हणजे फ्लॅश आणि तापवताना जळून जाणारी पापडी धरून. कास्टिंगमध्ये रनर-रायझर परत भट्टीत जातो म्हणून मटेरियल फारसं वाया जात नाही, पण ते पुन्हा वितळवायला वीज जाते, ती प्रोसेसच्या खर्चात धरा.

मशीनिंगसाठी मशीन अवर रेट गुणिले वेळ, आणि वेळ म्हणजे फक्त टूल कापतंय तो वेळ नव्हे. समजा मशीनचा तासाला ६० पॉइंट रेट, सायकल ३ मिनिटं. लोक ३ पॉइंट लिहून मोकळे होतात. लोडिंग-अनलोडिंगचं अर्धं मिनिट मिळवा, ३.५ झाले. मशीन १०० टक्के वेळ चालत नाही, ८५ टक्के धरा, ३.५ भागिले ०.८५ म्हणजे ४.१ पॉइंट. एका ऑपरेशनला १.१चा फरक, अशी सात-आठ ऑपरेशन्स असली की कोटेशन आणि वास्तव यांच्यात केवढी दरी पडते ते बघा. सेटिंगचा वेळही वाटून टाका, ९० मिनिटांचं सेटिंग ५०० च्या बॅचवर नगण्य आहे, ५० च्या बॅचवर प्रत्येक पार्टला जवळपास दोन मिनिटं होतात.

आता तिन्ही नकल मांडू.

एसजी आयर्न, तयार वजन ४.० किलो: मटेरियल २८, ओतकाम ३०, मशीनिंग २६, कोटिंग-तपासणी ८, बेरीज ९२. रिजेक्शन ३ टक्के, म्हणून ९२ भागिले ०.९७, साधारण ९५.

फोर्ज स्टील, तयार वजन ३.७: कटवेट ५.८ किलो, किलोला १० धरून ५८, भंगाराचे ५ परत, म्हणजे ५३. फोर्जिंग आणि हीट २६, मशीनिंग ३०, कोटिंग-तपासणी ८, डाय झिजतात त्यांची डागडुजी ४. बेरीज १२१, रिजेक्शन २ टक्के, साधारण १२३.

ॲल्युमिनिअम, तयार वजन २.२: मटेरियल भंगार वजा करून ६५, ओतकाम आणि टी६ ४२, मशीनिंग १६, एक्स-रे आणि तपासणी १०. बेरीज १३३, रिजेक्शन ५ टक्के, १४०.

रिजेक्शन मी गुणत नाही, भागतो, याच्यावरून एकदा एका मीटिंगमध्ये अर्धा तास वाद झाला होता. १०० चांगले पार्ट द्यायचे आणि ५ टक्के खराब होणार तर १०५ बनवून भागत नाही, थोडे जास्त लागतात, बस एवढंच. आणि खराब पार्ट कुठल्या टप्प्यावर सापडतो ते पण बघा. कास्टिंगमधलं छिद्र मशीनिंगच्या शेवटच्या ऑपरेशनला उघडं पडलं तर तोवरचं सगळं मशीनिंग भंगारात जातं. ॲल्युमिनिअममध्ये हेच दुखणं, म्हणून एक्स-रे मशीनिंगच्या आधी लावतात.

पायरी ६: संख्या किती, हे विचारल्याशिवाय उत्तर देऊच नका

टूलिंग धरू: एसजी १ लाख पॉइंट, फोर्जिंग २ लाख, ॲल्युमिनिअम ३ लाख. पूर्ण आयुष्यात २०,००० नग बनणार असतील तर नगामागे ५, १० आणि १५. म्हणजे एकूण १००, १३३, १५५. पण २,००० नगच असतील तर नगामागे टूलिंग ५०, १०० आणि १५०, आणि एकूण १४५, २२३, २९०.

आणि अगदी थोडे नग असतील तर सरळ ठोकळ्यातून मशीन करून काढा. समजा असा नग ६०० ला पडतो आणि फिक्स्चरचा (मशीनवर पार्ट पकडायची चौकट) खर्च १०,०००. एसजीशी बरोबरी कुठे होते? टूलिंगमधला फरक ९०,०००, नगामागचा फरक ६०० वजा ९५ म्हणजे ५०५. भागाकार केला की १७८. म्हणजे पावणेदोनशे नगांच्या आत ठोकळा, त्यापुढे कास्टिंग. हा भागाकार एवढा सोपा आहे की कोणी करतच नाही, सगळे "आपल्याकडे नेहमी कास्टिंगच करतात" म्हणतात.

वजन हलकं करायचं असेल तर अजून एक भागाकार करा, हा मला सगळ्यात उपयोगी पडलाय. २०,००० नगांवर ॲल्युमिनिअम ५५ ने महाग आणि १.८ किलोने हलकं. म्हणजे एक किलो वाचवायला साधारण ३१ पॉइंट. फोर्ज स्टील ३३ ने महाग पण फक्त ०.३ किलोने हलकं, म्हणजे किलोमागे ११० पॉइंट. म्हणून वजनासाठी फोर्जिंग घेतोय असं कोणी म्हणालं तर ते चूक आहे, फोर्जिंग घ्यायचं ते आघात सहन करायला, वाकलं तरी तुटू नये म्हणून. गाडीच्या टीमला विचारा की एक किलोसाठी ते किती द्यायला तयार आहेत, त्यांच्याकडे हा आकडा सहसा असतो आणि न विचारता ते तो सांगत नाहीत.

रॅकबद्दल थोडं

रॅक बारची तुलना करताना भरीव विरुद्ध पोकळ हा प्रश्न हमखास येतो. २४ मिमीच्या बारला मधून १४ मिमीचं लांब होल पाडलं तर त्या लांबीत ३४ टक्के वजन जातं आणि जडत्व फक्त ११.६ टक्के कमी होतं, कारण मधलं मटेरियल वाकण्याला फारसं कामाला येत नाही. ऐकायला भारी वाटतं. पण गन ड्रिलिंग (असं लांब खोल होल पाडायची पद्धत) संथ असतं, भोक वाकडं गेलं तर पार्ट बाद, आणि काढलेलं मटेरियल तुम्ही आधी विकत घेतलेलंच होतं. म्हणजे पैसे देऊन वजन कमी करताय. ट्यूबपासून सुरुवात केली तर मटेरियल वाचतं पण दात असलेल्या भागात भिंतीची जाडी पुरली पाहिजे, दात दाबून घडवायचे तर टूलिंग महाग. पुन्हा तोच संख्येचा प्रश्न. दातांवर इंडक्शन हार्डनिंग (विजेने फक्त वरचा थर तापवून कडक करणं) केल्यावर बार थोडा वाकतोच, पोकळ बार सरळ करताना जपावं लागतं, ते ऑपरेशन यादीत आहे का बघा.

पायरी ७: एका पार्टवर वाचवलेलं दुसऱ्या पार्टवर जातंय का

इथे भले भले फसतात. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगची मोटर कॉलमवर (स्टिअरिंग व्हीलखालचा दांडा आणि त्याची नळी) लावायची की रॅकवर, हे बघा. कॉलमवरची स्वस्त, कारण ती केबिनमध्ये बसते, पाणी-चिखल आणि इंजिनची उष्णता नाही, सीलिंग साधं चालतं. १९८८ मध्ये सुझुकीच्या सर्व्होत इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग आलं ते कॉलमवरचंच होतं आणि छोट्या गाड्यांत ती पद्धत अजून टिकून आहे. पण मोटरचा सगळा जोर तिथून पुढे इंटरमीडिएट शाफ्ट (कॉलम आणि रॅक जोडणारा दांडा), दोन युनिव्हर्सल जॉइंट (कोनात फिरवणारे सांधे) आणि पिनियनमधूनच (रॅकचे दात फिरवणारं छोटं गिअर) जातो. म्हणजे ते सगळे जास्त ताकदीचे पाहिजेत. रॅकवर मोटर असली की तो वाढीव जोर शाफ्टवर येतच नाही, तिथे शीट मेटलचे हलके योक (जॉइंटचे दोन फाटे) चालून जातात. कॉलम मोटरच्या स्वस्तपणातून जाड योक आणि मोठ्या क्रॉसचा (दोन योक जोडणारा फुलीच्या आकाराचा तुकडा) खर्च वजा करून मग बोला. जड गाडी असेल तर रॅकवरचीच लागते, तिथे वाद नको.

युनिव्हर्सल जॉइंटचंही तसंच. शाफ्टची वाट सरळ करण्यासाठी ब्रॅकेट महाग झाला तरी कधी कधी परवडतो, कारण ३० अंशांवर चालणारा एकटा जॉइंट पुढच्या शाफ्टला एका फेरीत कधी १३ टक्के हळू तर कधी १५ टक्के जोरात फिरवतो, ते हाताला जाणवतं. दोन जॉइंट समान कोनात आणि बरोबर फेजमध्ये लावले की ते एकमेकांना खोडतात. हे लेआउटच्या वेळी केलं तर फुकट, नंतर केलं तर नवा शाफ्ट.

आणि कॉलममध्ये हात घालण्याआधी दहा वेळा विचार करा. संयुक्त राष्ट्रांच्या रेग्युलेशन १२ प्रमाणे ४८.३ किमी प्रतितास वेगाने समोरून धडकल्यावर कॉलमचं वरचं टोक १२७ मिमीपेक्षा जास्त मागे यायला नको. कॉलम दाबला जाताना लागणारा जोर ट्यूबमधल्या घर्षणावर, प्लास्टिकच्या पिनांवर किंवा फाटणाऱ्या पट्टीवर ठरलेला असतो. त्यातल्या एका प्लास्टिक पिनचं मटेरियल बदलून नगामागे चिल्लर वाचवली आणि पूर्ण क्रॅश टेस्ट परत करायला लागली, असं होऊ शकतं. टेस्टचा खर्च संख्येने भागून नगात घाला, मग बघा काही उरतं का.

तपासणी आणि टेस्टिंगची रांग स्वतंत्र ठेवा: क्रॅक तपासणी प्रत्येक नगाची, बॉल ओढून काढायचा लोड, फटीग, मिठाच्या फवाऱ्यात गंज, प्रत्येक नगावर बॅच नंबर. जास्त ताकदीच्या बोल्टवर साधं इलेक्ट्रोप्लेटिंगचं झिंक सुचवलं असेल तर धातूत शिरून त्याला ठिसूळ करणारा हायड्रोजन काढायला बेकिंग लागतं, ते धरलंय का विचारा, नाहीतर झिंक फ्लेक कोटिंगचा रेट मागा.

पायरी ८: कोटेशन्स एका साच्यात आणा

प्रत्येक सप्लायरला तुमचाच फॉरमॅट भरायला द्या: आत जाणारं वजन, तयार वजन, भंगाराचा रेट, प्रत्येक ऑपरेशनची सायकल आणि मशीन रेट, रिजेक्शन, टूलिंग आणि डायचं आयुष्य, पॅकिंग, वाहतूक, ओव्हरहेड, नफा. "एकरकमी किंमत घ्या ना" म्हणणाऱ्याला प्रेमाने नाही म्हणा. मग तुमचा स्वतःचा हिशोब शेजारच्या कॉलममध्ये आणि फरक १० टक्क्यांपेक्षा जास्त जिथे असेल तिथे फक्त प्रश्न विचारा. कधी कधी चूक तुमचीच निघते, माझी फोर्जिंगच्या घावांची संख्या अशीच चुकली होती. आणि सप्लायरचा आकडा फारच कमी असेल तरी प्रश्न विचारा, कमी आकडा म्हणजे काहीतरी राहिलंय, आणि राहिलेलं सहा महिन्यांनी दरवाढ म्हणून परत येतं.

शेवटी शीट हलवून बघा. ॲल्युमिनिअमचा रेट २० टक्के वाढला, भंगाराचाही तेवढाच वाढला, तर आपला १४० चा नग साधारण १५४ वर जातो आणि किलो वाचवायचा भाव ३१ वरून ३८ होतो. रेट तोच ठेवून रिजेक्शन ५ चं १० टक्के झालं तर १४८. नवीन डायवर पहिले काही महिने १० टक्के रिजेक्शन काही विशेष नाही, म्हणून ॲल्युमिनिअमचा पर्याय घेताना मी धातूचा भाव बघायच्या आधी त्या फाउंड्रीचं आधीच्या तसल्याच पार्टचं महिन्यागणिक रिजेक्शन रजिस्टर मागतो आणि शीटमध्ये पहिल्या वर्षाला वेगळा कॉलम ठेवतो.